वास आला पाहिजे!

घरभर वास सुटला नाही, तर पेस्ट कंट्रोल झालं असं आपल्याकडे कुणी मानतच नाही. डोळे चुरचुरले पाहिजेत. समोरच्या काकूंनी नाकाला पदर लावून ‘काय मारलंय हो?’ विचारलं पाहिजे. मग कुठे पैसे वसूल.

हल्लीचा माणूस येतो, कपाटाच्या बिजागऱ्यांत, सिंकखाली, फ्रिजमागे जेलचे मोहरीएवढे ठिपके लावतो आणि अर्ध्या तासात निघतो. झुरळ ते खातं, सांदीत जाऊन मरतं. त्याचे भाऊबंद त्याची विष्ठा आणि मढं खातात, तेही मरतात. काम चोख. गिऱ्हाईक नाराज. ‘एवढ्याशा ठिपक्यांचे एवढे पैसे?’

म्हणून जाता जाता तो फस्सकन एक फवाराही मारतो. तुमच्या समाधानासाठी. फवारा उडतो जेलवर, आणि मग झुरळं त्या ठिपक्याकडे फिरकत नाहीत.

समाधान मात्र महिनाभर टिकतं.

महिनाभरच, कारण फवाऱ्याने झुरळ मेलं तरी अंड्यांची कुपी शाबूत राहते. स्वयंपाकघरातल्या त्या बारक्या तपकिरी झुरळाच्या एका कुपीत तीस-चाळीस अंडी असतात. त्याचं नाव जर्मन झुरळ. मुक्काम पोस्ट सिडको.

पूर्वी डोकं धरायला लावायचा तो वास बऱ्याचदा डायक्लोरव्हॉसचा असे. केंद्र सरकारने त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी घातली. आजही कुणाच्या पंपातून तोच ओळखीचा वास आला, तर बाटली दाखव म्हणायला नको? पण आपण म्हणतो, ‘वा, जुनं औषध दिसतंय. स्ट्राँग असतं!’

परवान्याचं तर विचारूच नका. म्हणजे, खरं तर विचारा. १९६८ चा कीटकनाशक कायदा सांगतो की पैसे घेऊन घरोघरी विष मारणाऱ्याला परवाना लागतो. त्यासाठी कृषीची किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी लागते, वर मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. आपल्या राज्यात हा परवाना कृषी खातं देतं. स्वयंपाकघरातलं झुरळही सरकारदरबारी शेतीचाच विषय!

पार्सलवाल्याला आपण दारात ओटीपी मागायला लावतो. पाठीवर विषाचा पंप घेऊन आलेल्याला थेट बेडरूम दाखवतो.

विचारतो एकच. ‘किती कमी करणार?’

‘काका, टेन्शन मत लो, पूरा हर्बल है.’ हर्बल म्हणजे काय, हे काका विचारत नाहीत. बाटलीवर एक रंगीत त्रिकोण असतो. लाल अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं नव्हे. हिरवा म्हणजे कमी विषारी. पण बाटली बघायला मिळते कुठे? औषध येतं शीतपेयाच्या जुन्या बाटलीतून.

धान्यात टाकायच्या गोळ्यांचीही तीच तऱ्हा. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईड सामान्य माणसाला विकायचंच नाही, असा नियम आहे. त्याचा वायू माणूस आणि सोंडा असा भेद करत नाही. तरी वर्षाची ज्वारी भरली की त्या गोळ्या कोठीपर्यंत पोहोचतातच. कशा? कोठीलाच ठाऊक.

आता डास. आपल्या शहराचा हा खास उद्योग. नाथसागर जलाशय तासाभराच्या अंतरावर, आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे वाचकांना सांगायला नको. १,६८० कोटींची पाणी योजना २,७४० कोटींवर गेली. पाणी येईतोवर घरोघरी ड्रम, टाक्या, हौद, पिंप. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून पंख फुटलेले नवे डास उडतात.

म्हणजे नळाचं आणि डासाचं वेळापत्रक जुळलेलं आहे. एकाच खात्याने आखल्यासारखं.

वर आरोग्य विभागाचं आवाहन असतंच, ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा.’ एकच? नळ त्याहून जास्त पाळतो की!

मग मनपाच्या धूरफवारणीची वाट न बघता आपण आपला खासगी माणूस बोलावतो. पाण्याला टँकर खासगी, प्यायला जार खासगी, आता डासही खासगी. झुरळांसाठीही ज्याचा त्याचा माणूस. तिसऱ्या मजल्यावर फवारणी झाली की झुरळं डक्टमधून दुसऱ्यावर. दुसऱ्या मजल्यावाले माणूस बोलावतात, ती चौथ्यावर. सोसायटीने एकदाच ड्रेनेजचे चेंबर आणि डक्ट साफ करून सगळीकडे मिळून काम करावं, हा ठराव सभेत आला होता म्हणे. गणपतीच्या मंडपाचा रंग ठरवण्यात वेळ संपला.

वाळवीचा इलाज खरा पाया भरतानाच होतो. आयएस ६३१३ हे भारतीय मानक त्यासाठीच आहे. बीड बायपासला एखाद्या नव्या स्कीममध्ये जाऊन याबद्दल विचारून बघा. सेल्समन तुम्हाला जिम दाखवेल.

आणि वॉरंटी? तीन महिने, सहा महिने, फार तर वर्ष. तिच्यावर बारीक अक्षरात अटी.

या जिल्ह्यात दीड हजार वर्षांची वॉरंटीही आहे, तीही विनाअट. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात माती आणि चुन्याबरोबर भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले सापडले. पुरातत्त्व खात्याचे माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि तेव्हा आपल्या विद्यापीठात असलेले वनस्पतिशास्त्राचे सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये तसं मांडलं. कीटक त्या गिलाव्याच्या वाटेला गेले नाहीत. अजिंठ्यात हे मिश्रण नव्हतं. तिथली किमान पाव चित्रं किड्यांनी खाल्ली, असं हेच संशोधक म्हणतात.

उपाय नामी, बिनवासाचा, शंभर टक्के हर्बल. गच्चीवर दोन रोपं लावून बघा. झुरळं जावोत न जावोत, पोलीस नक्की येतील.