बावन्न घोड्यांचं बंदर

घोडबंदर हे नाव कशावरून पडलं, असं गावात कुणालाही विचारा. अरबांची गलबतं खाडीतून यायची, इथे घोडे उतरायचे, म्हणून घोडबंदर, असं उत्तर मिळेल. तो व्यापार बसून जमाना लोटला. तरी आजमितीला गावात बावन्न घोडे शिल्लक आहेत. ते सगळे आमच्या सोसायटीत, मीटरच्या खोलीला लागून, एका ताडपत्रीखाली बांधलेले असतात. त्यांतले जिवंत किती, हे सकाळी चोक ओढून सेल्फ मारल्याशिवाय सांगता येत नाही.

ही आमच्या अण्णांची प्रीमियर ११८ एनई. १९८६ सालची. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यातून पद्मिनी निघायची, तिथूनच ही निघाली. पण पद्मिनी शेवटी टॅक्सी झाली आणि मुंबईची मावशी म्हणून अजरामर झाली. ११८ एनई ना टॅक्सी झाली, ना कुणाची मावशी. चौकोनी दिवे, ११७१ सीसीचं इंजिन, ५२ अश्वशक्ती. पद्मिनीची अश्वशक्ती चाळिशीच्या आसपास घुटमळायची, त्यामुळे अण्णांच्या लेखी आमची गाडी म्हणजे साक्षात रेसची मोटार होती. १९८५ सालीच जर्मनीत बीएमडब्ल्यूने २८६ अश्वशक्तीची एम-५ काढली होती. ही बातमी तेव्हा घोडबंदरपर्यंत पोचली नाही, ते बरंच झालं. अण्णा समाधानात गेले.

अण्णा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली आणि मी तिचा पुजारी झालो. पुजारी म्हणजे देव बदलू न देणारा माणूस. घरात कुणी विडी ओढत नाही, तरी ॲश-ट्रे ओरिजिनल आहे म्हणून दर दसऱ्याला पुसतो. जॅक ओरिजिनल आहे; तो गाडी उचलत नाही, पण हलवायची सोय नाही. पेट्रोलचा काटा गेली वीस वर्षं अर्ध्यावर उभा आहे. या काट्यावर विसंबून मी दोनदा काजूपाड्याला आणि एकदा ऐन वर्सोवा पुलावर अडकलो आहे. पण तो कंपनीचा काटा आहे. तो खोटं बोलतो तेही कंपनीच्या मान्यतेने, अशी माझी श्रद्धा.

या श्रद्धेवर पहिला घाव घातला भाच्याने. तो ठाण्याला कुठल्याशा सॉफ्टवेअरच्या कचेरीत असतो आणि शनिवारी आमच्याकडे येतो. मामाला भेटायला येतो असं मला अनेक वर्षं वाटत होतं. एका शनिवारी ताडपत्री उचलून तो म्हणाला, "मामा, हिला जरा टेस्टफुल करू या."

टेस्टफुल हा शब्द मी तोवर फक्त पावभाजीच्या संदर्भात ऐकला होता. भाच्याने मोबाइल काढून पाककृती दाखवली. काळी अलॉय चाकं. दोन इंच खाली बसवलेली बॉडी. गुरगुरणारा सायलेन्सर. आणि पोटात होंडा सिटीचं जुनं व्हीटेक इंजिन, २००० सालच्या सुमारास आलेलं, ज्याच्या नावाने आजही तिशी-चाळिशीतली मुलं हळवी होतात.

"एकशे सहा हॉर्सपॉवर, मामा! बावन्नच्या डबलहून जास्त."

"अरे, गायमुखच्या घाटात बावन्न घोडे उभे राहतात, तसे एकशे सहाही उभेच राहणार ना?"

त्याला उत्तर सुचलं नाही, कारण तो दररोज त्याच घाटात उभा राहतो. गाडी दोन इंच खाली घेण्याबद्दलही मी सांगितलं की ती सोय घोडबंदर रोडने आधीच केलेली आहे. आपण चाक खड्ड्यात घालायचं, गाडी आपोआप खाली होते.

शिवाय कायदा माझ्या बाजूने होता. पुजाऱ्याला शास्त्राधार लागतोच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. भाच्याच्या यादीत अकरा फेरफार होते. मी तोंडी हिशोब करून दाखवला. उलट पन्नास वर्षं गाडी मूळ रूपात सांभाळली, तर २०२१च्या नियमाप्रमाणे तिला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा खास नंबर मिळतो. आमची गाडी २०३६ साली पन्नाशी गाठेल. एवढी दहा वर्षं कळ काढ, मी म्हटलं, म्हणजे तुझा मामा आणि ही गाडी एकदमच ज्येष्ठ नागरिक होऊ.

भाचा गप्प बसला. पुढच्या शनिवारी मात्र तो अभ्यास करून आला. आमच्या घराण्यात अभ्यास करून येणाऱ्या माणसाची धास्ती घ्यावी लागते.

"मामा, एनई म्हणजे काय?"

"निस्सान इंजिन."

"म्हणजे जपानी. आणि बॉडी?"

बॉडी फियाट १२४ची. १९६७ सालची युरोपातली 'कार ऑफ द इयर'. इटलीत जन्मली, रशियात जाऊन लाडा झाली, स्पेनमध्ये सेआत झाली, आणि तिथे म्हातारी झाल्यावर तिचे साचे कुर्ल्याला आले. त्या इटालियन-स्पॅनिश बाईच्या पोटात कुर्ल्याच्या लोकांनी डॅटसनच्या घराण्यातलं इंजिन बसवलं.

"म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या बॉडीत जपानी इंजिन," भाचा म्हणाला. "मग मी वेगळं काय सांगतोय?"

खरं सांगायचं तर हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि कुणीतरी तोंडावर मारणं वेगळं. मी थोडी फाटे फोडायची धडपड केली. म्हटलं, त्या काळात सगळ्यांचंच तसं होतं. १९८४ची काँटेसा: अंग व्हॉक्सहॉलचं, इंजिन ॲम्बॅसॅडरचं. पुढे तिला इसुझूचं बसवलं तेव्हा कुठे ती नावाप्रमाणे चालायला लागली. १९८५ची मद्रासची स्टँडर्ड २०००: अंग रोव्हर एसडी-१चं, पाहताच जीव टाकावा असं, आणि आत व्हॅनगार्डच्या जमान्यातलं म्हातारं इंजिन. म्हणजे नवरदेव वरातीला घोड्यावर बसला आणि घोडा पेन्शनीतला. तीन-चार वर्षांत कारभार आटोपला. तर सांगायचा मुद्दा, आपल्याकडच्या या सगळ्या रुबाबदार गाड्या मुळातच कलमी होत्या. हापूस तरी कुठे रायवळ आहे? नाव पोर्तुगीजांच्या आल्फान्सोवरून, झाड कलमी. म्हणून कुणी हापूसला डुप्लिकेट म्हणतं का?

"तेच म्हणतोय," भाचा म्हणाला. "आणखी एक कलम करू."

आपल्याच दाखल्याने आपली विकेट जाते, तेव्हा चहा मागवायचा असतो. मी मागवला.

चहा घेता घेता त्याने दुसरा बार काढला. "मामा, तुझं पेट्रोल तरी ओरिजिनल आहे का?" नव्हतं. गाडी घेतली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हना ते मानवायचं. २००० साली शिसं गेलं. आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराच्या नळ्या खातं. त्या नळ्या मी गेल्या वर्षी गुपचूप बदलून घेतल्या होत्या, भाचा परगावी असताना. पुजाऱ्याने देवळाच्या मागच्या दाराने फरशी बदलून घ्यावी तशा.

त्या दिवशी संध्याकाळी मी मन रमवायला किल्ल्यावर गेलो. किल्ला गावातच आहे. बांधला पोर्तुगीजांनी, १७३७ साली घेतला चिमाजीआप्पांनी, पुढे आला इंग्रजांकडे, आणि आता डागडुजी चालू आहे. तटावर बसून खाडीकडे पाहत मी विचार केला, या डागडुजीवाल्यांना कुणी सांगितलं असेल की बाबांनो, किल्ला मूळ रूपात आणा, तर मूळ म्हणजे कुठलं? पोर्तुगीज मूळ आणलं तर आपली माणसं गप्प बसतील का? शेजारी एक जोडपं सेल्फी काढत होतं. त्यांना असले प्रश्न नव्हते. मुलगा मुलीला सांगत होता, हा किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला. मी दुरुस्त केलं नाही. एका दिवसात दोन हार पुरे.

निकाल शेवटी गायमुखनेच लावला. मे महिन्यातली दुपार. घाटात रस्त्याचं काम, पुढे कंटेनर आडवा, आणि आम्ही सव्वा तास जागच्या जागी. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये हजारभर गाड्या, आणि त्यांत फक्त आमच्या गाडीतून वाफ. हेड गॅस्केट उडालं. काशीमिऱ्याच्या मिस्त्रींकडे गाडी ओढून नेली. ओढणाऱ्या टेम्पोवाल्याने कौतुकाने विचारलं, "काका, ओरिजिनल आहे?" मी त्याही अवस्थेत होय म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींचा फोन. "साहेब, जरा येऊन जा. हेड खोललंय."

मी आणि भाचा गेलो. मिस्त्रींनी हेड उलटं करून फडक्यावर ठेवलं होतं. त्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "हे घासलंय साहेब. चांगलं मापात घासलंय. वाकलं म्हणून नाही, मुद्दाम. कॉम्प्रेशन वाढवायला. आणि कार्बोरेटरचा जेट पण मोठा टाकलाय. जुन्या काळात रेसवाले करायचे हे काम. कोणी केलं?"

कोणी म्हणजे? गाडी अण्णांच्या हातून माझ्या हातात आली. मधे कुणी नाही. आणि अण्णा म्हणजे बँकेतले अधिकारी. शर्टाचं वरचं बटण लावणारे. आम्ही गाडीत असताना साठच्या वर काटा गेला नाही. पुढे ट्रक असला की "जाऊ दे त्याला, त्याच्या घरी कुणी वाट बघत असेल" असं म्हणणारे.

मिस्त्रींनी गाडीच्या कागदांची जुनी पिशवी उघडायला सांगितली. विम्याच्या पावत्यांच्या खाली, चार घड्या घातलेलं, ऑगस्ट १९९१चं बिल निघालं. 'हेड प्लेनिंग. जेट बदली. टायमिंग सेट.' मी तेव्हा पुण्याला वसतिगृहात होतो. बिलाच्या मागच्या बाजूला अण्णांचं बँकेतलं टपोरं अक्षर. पट्टीने आखलेला तक्ता. रकाने चार: तारीख, किल्ला ते गायमुख, हवा, शेरा.

पहिली नोंद: ७ मि. ३५ से. हवा कोरडी. शेरा: टेम्पो आडवा.

मग ७ मि. २० से. मग ७ मि. ५ से., शेरा: एस.टी. मागे टाकली. आणि हेडचं काम झाल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, ६ मि. ४८ से. त्याखाली लाल शाईची रेघ. शेरा: सौ. सोबत नाही.

भाच्याने तो कागद दोन्ही हातांनी धरला होता, आरती घेतल्यासारखा. मी तिथूनच ताईला फोन लावला. ती आधी हसली. मग म्हणाली, "अरे, रविवारी पहाटे दूध आणायला जायचे ना अण्णा. दूधवाला गल्लीच्या तोंडाशी. आणि यायला दीड तास. आई एकदा मला म्हणाली होती, यांना गवळण भेटली की काय!"

मग मला आणखी एक गोष्ट आठवली. चढावर गाडी किरकोळ खडखडायची आणि अण्णा प्रेमाने म्हणायचे, "बोलते रे ती." ती बोलत नव्हती. त्या वेळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर घासलेलं हेड ठोकत होतं. मिस्त्रींनी सांगितलं, इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, आता तेवढी ठोकणार नाही. म्हणजे अण्णांनी केलेलं काम सरकारी पेट्रोलला जुळायला चौतीस वर्षं लागली.

"तर साहेब, आता काय करू?" मिस्त्री म्हणाले. "एका माणसाकडे कोरं हेड आहे, कंपनीच्या मापाचं. कंपनीचं करू, का तुमच्या वडिलांचं राहू दे?"

हा प्रश्न कुठल्याच कलमात नाही. कंपनीचं केलं तर मी शास्त्राने बरोबर, २०३६च्या व्हिंटेजला छातीठोक, आणि अण्णांचे ते सत्तेचाळीस सेकंद कायमचे भंगारात. मी ओठ चावत उभा राहिलो. तेवढ्यात भाचा पुढे झाला आणि हेडवर पंजा ठेवला. "याला हात लावायचा नाही. हे ओरिजिनल आहे."

मी त्याच्याकडे बघितलं. अलॉय चाकं, सायलेन्सर, व्हीटेक, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून उतरलं होतं. नवा बाटगा जोरात बांग देतो म्हणतात. परवा त्याने मला ॲश-ट्रे चुकीच्या फडक्याने पुसताना पकडलं.

मिस्त्रींनी तेच हेड बसवलं, नवं गॅस्केट घालून. मी रेडिएटरला विजेचा पंखा तेवढा लावून घेतला, गायमुखसाठी. तो टेस्टफुल आहे की नाही मला ठाऊक नाही. बॉनेट बंद केल्यावर दिसत नाही एवढं खरं.

रविवारी पहाटे साडेपाचला बायकोला म्हटलं, दूध घेऊन येतो. खाली भाचा आधीच उभा होता, मोबाइलवर स्टॉपवॉच उघडून. किल्ल्याच्या पायथ्याशी गाडी लावली, श्वास घेतला आणि निघालो. चेण्याच्या पुलापर्यंत रस्ता मोकळा होता, खाडीवरून गार वारा येत होता, इंजिन एका सुरात होतं, आणि मला खरोखर वाटलं की बावन्नच्या बावन्न घोडे आज जागे आहेत. मग पुढे टेम्पो. त्याच्या पुढे कंटेनर. त्याच्या पुढे बॅरिकेड. वेळ: २३ मि. १० से. भाच्याने नव्या वहीत पट्टीने रकाने आखून नोंद केली. हवा दमट. शेऱ्याला जागा पुरली नाही.

परत यायला उजाडलं. बायको दारातच होती. माझे दोन्ही हात मोकळे बघून म्हणाली, "दीड तास? सासूबाई म्हणायच्या ते खरं. अण्णा निदान दूध तरी आणायचे."