वजन तेवढंच

शाळेतल्या भूमितीच्या वहीत तीन मथळे असत : पक्ष, साध्य, सिद्धता. पक्ष म्हणजे हाताशी काय आहे, साध्य म्हणजे पोचायचं कुठे. बुलढाण्याहून खामगावला निघालं की घाट उतरावाच लागतो, तशी मधली सगळी वळणं सिद्धतेच्या वाट्याला येत. एखाद्या वळणावर धुकं दाटलं, की फळ्यावर ‘हे उघड आहे’ असं उमटे आणि सगळा वर्ग सुखरूप पायथ्याशी पोचलेला असे.

सिद्धता तपासणारं ‘लीन’ हे सॉफ्टवेअर या ‘उघड’ला भीक घालत नाही. लिओनार्दो द मौरा यांनी ते २०१३ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात सुरू केलं. पडद्यावर वर पक्ष, खाली साध्य; मांडणी आपल्या वहीचीच. साध्यातली एखादी राशी अवघड वाटली, तर तिच्या जागी तिच्याएवढीच दुसरी बसवता येते. पक्षातही तसंच. मात्र दोन्ही सारख्या असल्याचा दाखला आधी द्यायचा, मग ‘रीराइट’ म्हणायचं. फ्रान्सचं ‘कॉक’ थोडं उदार : त्यातलं ‘रिप्लेस’ आधी अदलाबदल करू देतं आणि दाखला उधारीवर लिहून ठेवतं. (२०२५ मध्ये त्यानं स्वतःचं नावही बदलून ‘रॉक’ केलं, जुन्या सिद्धतांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.) यातली खरी गंमत शून्याची. एखाद्या नैसर्गिक संख्येत शून्य मिळवलं तर ती तीच राहते, हे लीन व्याख्येवरूनच मानतं. ‘चेंज’ म्हटलं की निमूट बदल करून देतं. पण शून्यात ती संख्या मिळवली, की त्याच्या कपाळाला आठ्या! तिथं शून्यापासून एकेक पायरी चढत सिद्धता द्यावी लागते. रिकाम्या घरी पाहुणा आला काय आणि पाहुण्याच्या घरी कुणीच आलं नाही काय, माणसं तेवढीच. पण यंत्राला दारातून कोण आत आलं ते महत्त्वाचं.

दाखला देऊन अदलाबदल करण्याचा असा हिशेब मी आधी खामगावच्या सराफ्यात पाहिला होता. बोथ्याच्या घाटानं उतरून आजोबा आजीचे झिजलेले तोडे मोडीत घालायला गेले होते. वजन झालं, कस पाहिला, घट वजा झाली, घडणावळ वेगळी धरली, आणि नवे तोडे समोर आले. दाखल्यात कुठे खोट नव्हती. आजीनं ते घातले, दिवसभर घरात वावरली. जुन्यांपैकी एकाला माझ्या वडिलांच्या दुधाच्या दातांचे व्रण होते. ते काही तराजूत आले नव्हते.

एकदा दाखला मिळाला की लीनमध्ये समानता उलटीही चालवता येते. डावीकडे बाण दाखवला, की नव्याच्या जागी जुनं परत. आजीला लीन ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. संध्याकाळी ती आजोबांना म्हणाली, “अहो, दोन्ही सारखेच हायेत म्हन्ता ना? तं मंग उद्या जाऊन जुनेच वापस घेऊन या ना.”

आजोबा पानाला चुना लावत राहिले. लीननं निकाल आजीच्या बाजूनं दिला असता.