टपालखर्च आमच्याकडे

माळा रिकामा करा, असं ही म्हणाली होती. धंदा काढा, असं म्हणाली नव्हती. पण जुनी पुस्तकं आणि दिवाळी अंक रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवायला माझा जीव होईना. म्हणून फेसबुकवर त्यांचे फोटो टाकले आणि खाली मोठ्या मनाने लिहून दिलं : टपालखर्च आमच्याकडे.

हे मोठं मन स्वस्तातलं होतं. तेव्हा पोस्टात रजिस्टर्ड बुकपोस्ट नावाची सोय होती. किलोभर पुस्तकं ३२ रुपयांत जायची, पाच किलोंचा गठ्ठा ८० रुपयांत, आणि वर पोचल्याची खात्री. वाचणाऱ्या माणसाचे एवढे लाड दुसऱ्या कुठल्या खात्याने केले असतील असं वाटत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला ते लाड संपले. मला ते कळलं खिडकीवर, हातात पुडकं आणि मागे रांग असताना. आतल्या ताई म्हणाल्या, "काका, बुकपोस्ट आता बंद. पार्सल करू?"

पार्सल म्हणजे किलोला ७८ रुपये, पाच किलोंना २२९. माझ्या पुडक्यातल्या अंकाची किंमत मी लावली होती साठ. पण पुण्यात रांगेतल्या लोकांसमोर पैशांवरून माघार घेणं म्हणजे पुढचा महिनाभर दुसऱ्या पोस्टात जाणं. "करा," मी म्हणालो.

घरी येऊन जाहिरात बदलली : टपालखर्च वेगळा. नाशिकच्या एका गृहस्थांनी लगेच कळवलं, "साठचा अंक आणि अठ्ठ्याहत्तर टपाल? मग अंक राहू द्या, नुसतं टपालच पाठवा." कोल्हापूरहून एकाने विचारलं, इकडे कुणी येणार असेल तर त्याच्याबरोबर द्याल का? आठवडाभराने मी त्याच अंकाचा फोटो पुन्हा टाकला. किंमत १४० रुपये, टपाल मोफत. नाशिककरांनी तासाभरात पैसे पाठवले आणि लिहिलं, "आता कसं बोललात!" दोन रुपये जास्त देऊन ते खूश, दोन रुपये जास्त मिळवून मी खूश. धंद्यातली माझी चढती कमान ती एवढीच.

कारण पुढची ऑर्डर आली वाईहून. विश्वकोशाच्या गावाला आपले अंक निघाले म्हणून मी जरा फुगलोच होतो. निवृत्त मास्तर होते, एकदम तीन जुने दिवाळी अंक मागवले. टपाल अर्थात मोफत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर गठ्ठा ठेवला तर किलोच्या वर चाळीस ग्रॅम! एवढ्याशासाठी पुढच्या टप्प्याचा दर भरायचा? कागद पातळ वापरला, सुतळी काढली, चिकटपट्टी तर इतकी थोडी लावली की गठ्ठा केवळ भिडेखातर बंद राहिला असता. तरी काटा हलेना. मग लक्षात आलं की अंकांत कितीतरी पानं नुसती जाहिरातींची आहेत. केशतेलं, दंतमंजनं, कुठल्या कुठल्या सहकारी बँकांच्या शुभेच्छा. मी ती अलगद सोडवली. गठ्ठा किलोच्या आत आला, आणि साहित्याची सेवा केल्यासारखंही वाटलं.

आठवड्याने मास्तरांचा फोन. "अंक मिळाले. जाहिराती कुठे आहेत?"

मी वजनाचं सांगितलं.

"अहो, मी जुन्या जाहिराती जमवतो. कथा मी वाचत नाही."

तोपर्यंत ती पानं हिने फडताळात डब्यांखाली अंथरली होती. केशतेलाच्या जाहिरातीवर शेंगदाण्याच्या तेलाचं गोल कडं उमटलं होतं. पानं तर पाठवायलाच हवी होती, पण पुन्हा टपाल भरायचं म्हणजे तिन्ही अंक फुकट देऊन वर दक्षिणा दिल्यासारखं होत होतं.

तेवढ्यात जिन्यात शेजारचे आप्पा भेटले. म्हणाले, "उद्या वाईला चाललोय रे, गणपतीला."

आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट, ही सवलत ऑगस्ट २०२२ पासून आहे. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं तेव्हा आख्खा स्वारगेट हळहळला, आप्पा सोडून. शून्याचे पंधरा टक्के किती होतात हे त्यांनी मला बोटांवर करून दाखवलं होतं. एवढा उत्तम दर देशातली कुठली टपालसेवा देणार होती?

पानं घेऊन आप्पा गेले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उगवले. मास्तर आणि ते रात्रभर खळ लावून जाहिराती जागच्या जागी चिकटवत बसले होते म्हणे.

मग मला चटकच लागली. साताऱ्याला आप्पांची भाची, कराडला व्याही, मिरजेला शाळूसोबती. नकाशा चांगला होता. पण ऑर्डर आज आली तरी पोच व्याह्यांच्या नातवाच्या बारशाला. शिवाय आप्पा वाटेत माल वाचत. कराडच्या बाईंना रहस्यकथा देताना त्यांनी खुनी कोण ते उंबऱ्यातच सांगितलं, वर लेखकाला शेवट नीट जमला नाही असंही. बाईंनी पुस्तक परत पाठवलं, आप्पांबरोबरच. परतीचाही खर्च शून्य, एवढंच समाधान.

१ मे २०२५ ला पोस्टाने 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोंना १००. आप्पांना सेवेतून मुक्त करावं म्हणून मी दिवाळी अंकांची पिशवी घेऊन खिडकीशी गेलो. ताईंनी अंक चाळला. "हे चालत नाही. नियतकालिक आहे. आणि आत जाहिराती आहेत."

म्हणजे जाहिराती काढल्या तर मास्तर घेत नाहीत, ठेवल्या तर पोस्ट घेत नाही. मी तिथेच सुरू झालो, की १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी माणूस वर्षातून एकदा...

"काका, मागे रांग आहे."

पुढे ऑक्टोबरात रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि गावाबाहेर पन्नास ग्रॅमपर्यंत ४७ रुपये, जीएसटी वेगळा, असा दर आला. पन्नास ग्रॅमांत बसणारं मराठी पुस्तक मी घरभर शोधलं. एक कवितासंग्रह जवळपास बसत होता, प्रस्तावना काढली असती तर. पण काही काढायचं नाही, असं हिने बजावलंय.

तेव्हा आप्पा पुन्हा रुजू झालेत. मास्तरांनी आणखी अंक मागवले आणि मिळाल्यावर माझ्या पानावर जाहीर अभिप्राय दिला : "अंक बरे. पोचवणारे गृहस्थ उत्तम. मात्र त्यांना मधुमेह आहे हे विक्रेत्याने आधी कळवायला हवं होतं. आमच्याकडे श्रीखंडाचा बेत होता."