सप्रेम भेट, वेळेच्या नियोजनासह

फुकट मिळालेल्या पुस्तकाबद्दल तक्रार करू नये असा संकेत आहे आणि मी तो पाळतो. माझी तक्रार पुस्तकाबद्दल नाही, ते मलाच का दिलं याबद्दल आहे. आजवर कुणी आपण होऊन मला कादंबरी आणून दिलेली नाही. प्रवासवर्णन नाही, ‘रुचिरा’ नाही, साधं कालनिर्णयसुद्धा दरवर्षी विकत आणावं लागतं. फुकट येतं ते एकाच विषयावरचं: वेळेचं नियोजन कसं करावं. विमा एजंट देतो, मुलाच्या क्लासवाले देतात. गेल्या दिवाळीला तर ऑफिसनं सुक्या मेव्याच्या डब्याऐवजी जेम्स क्लियर यांचं ‘ॲटॉमिक हॅबिट्स’ वाटलं. पुस्तक 2018 सालचं आहे, जगभर खपलेलं आहे, चांगलं आहे. काजूही चांगले असतात.

पाहुण्यानं येताना साबणाची वडी आणावी, तशी ही भेट असते. घेताना ‘अरे वा’ म्हणावं लागतं आणि पाहुणा गेल्यावर बराच वेळ शर्टाचा वास घेत बसावं लागतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पण आमचे थोरले साडू बँकेतून निवृत्त झाले. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. बँकेत असताना त्यांना लिहायला वेळ नव्हता. आता वेळच वेळ आहे, म्हणून त्यांनी वेळेच्या टंचाईवर पुस्तक लिहिलं. मराठीत पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची काढायची जुनी रीत आहे. कमी छापल्या तर प्रत महाग पडते, हे बँकेत हयात गेलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. खर्च अर्थात लेखकाचा. थोड्या प्रती प्रकाशकानं ठेवून घेतल्या, उरलेले गठ्ठे टेम्पोतून घरी आले आणि दिवाणाच्या पोटात गेले. तिथे पूर्वी पाहुण्यांच्या गाद्या आणि पांघरुणं असायची. ती आता आमच्याकडे आहेत.

त्यामुळे पुस्तक मोफत वाटण्यात ज्ञानदानाचा हेतू किती आणि दिवाणाचं झाकण लागावं हा हेतू किती, हे मला सांगता येणार नाही. ताईंचं, म्हणजे माझ्या मेव्हणीचं, याबाबत ठाम मत आहे.

सुरुवातीला अण्णा परगावच्या लोकांना पुस्तक टपालानं पाठवायचे. पुस्तक मोफत, टपालखर्च तेवढा वाचकाचा. पण छापील पुस्तकांसाठीची टपाल खात्याची सवलतीची सेवा डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली आणि तिची जागा मी घेतली. मी सांगलीला जायला निघालो की आदल्या रात्री दारात गठ्ठा हजर. ‘तुम्ही जाताच आहात, तर...’ हे वाक्य अण्णा कधी पुरं करत नाहीत. स्वारगेटला एसटी बदलताना तो गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात घेत मी वेळेच्या नियोजनाचा प्रसार करतो.

मुखपृष्ठावर वाळूचं घड्याळ आहे, त्यामागे उगवता सूर्य, आणि सूर्याकडे पाठ करून, हनुवटीला पेन टेकवून उभे असलेले अण्णा. पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ असा रबरी शिक्का आहे, कारण हातानं लिहिण्यात वेळ जातो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ‘स्वतःशी संवाद’ असा मथळा आणि खाली टिंबांच्या ओळी. ही टिंबांची पानं सोडून दिली तर पुस्तक चहा गार व्हायच्या आत संपेल. पण ती सोडता येत नाहीत, कारण अण्णा घरी आले की आधी तीच उघडून बघतात. ‘आपला वेळ दिवसात कशाकशात वाया जातो?’ या प्रश्नाला चार ओळी दिल्या आहेत आणि ‘कुणामुळे?’ याला एकच. मला जे लिहायचं होतं ते एका ओळीत सहज मावलं असतं. बायको म्हणाली, ‘ताईला काय वाटेल?’ ओळ कोरी आहे.

आतला मजकूर जगभरातून गोळा केलेला आहे, पण अण्णांनी तो आपल्याकडच्या हवामानाला सोसेल असा केला आहे. ब्रायन ट्रेसी यांनी 2001 साली सांगितलं की दिवसातलं सर्वांत नकोसं काम सकाळी पहिल्यांदा उरका. त्याला त्यांनी नाव दिलं बेडूक खाणे. अण्णा माळकरी आहेत. त्यांनी बेडकाच्या जागी कारलं घातलं. ‘उठल्याबरोबर आधी कारलं खा’ हे प्रकरण आमच्या सोसायटीत सर्वाधिक वाचलं गेलं. तळमजल्यावरचे एक काका त्याप्रमाणे रोज सकाळी पेलाभर रस घेतात आणि साखर आटोक्यात आल्याचं श्रेय अण्णांना देतात. त्यांची कामं होती तिथेच आहेत.

महत्त्वाची आणि तातडीची कामं वेगळी करण्याचा चार खणांचा चौकोनही आहे. तो आयझेनहॉवर यांच्या नावानं ओळखला जातो आणि स्टीफन कव्ही यांच्या 1989 च्या पुस्तकानं तो घरोघर पोचवला. अण्णांच्या पुस्तकात त्यावर ‘अण्णांचा चौकोन’ असं छापलंय. पहाटे उठण्यावर वीस पानं आहेत. समर्थांनी दासबोधाच्या 11 व्या दशकात पहाटेपासूनचा दिनक्रम एका समासात आटोपला होता, पण त्यांना टिंबं घालायची नव्हती.

‘लोकलमधला सुवर्णतास’ या प्रकरणाबद्दल मात्र मला गप्प बसवत नाही. आर्नल्ड बेनेट या इंग्रज लेखकानं 1908 साली लंडनच्या कारकुनांसाठी चोवीस तासांत कसं जगावं याचं पुस्तक लिहिलं. सकाळच्या गाडीत बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्यांवर तो त्यात नाराज आहे. ही उत्तम वेळ बातम्यांवर घालवू नये, असं त्याचं म्हणणं. अण्णांनी हा उपदेश जसाच्या तसा डोंबिवलीला आणला. डोंबिवलीहून सकाळची जलद गाडी पकडून बघावी. वर्तमानपत्र राहू दे, खिशातला रुमाल काढायचा असेल तर तो प्लॅटफॉर्मवरच काढून ठेवावा लागतो. मुंब्र्याच्या आसपास आपला हात नेमका कुठे आहे याचा अंदाज लागतो, पण तो परत मिळतो ठाण्याला. बँकेची शाखा अण्णांच्या घरापासून चालत सात मिनिटांवर होती, ही माहिती पुस्तकात कुठेही नाही.

डेव्हिड ॲलन यांचा दोन मिनिटांचा नियम अण्णांना सर्वांत प्रिय आहे. 2001 साली आलेल्या पुस्तकात ॲलन म्हणतात की दोन मिनिटांत होणारं काम यादीत टाकत बसू नये, लगेच करून मोकळं व्हावं. दोन मिनिटांत होणारं अण्णांचं काम म्हणजे मला फोन करणं.

‘काय हो, वाचायला घेतलंत की नाही? दोनच मिनिटं बोलतो.’

मग कुकरच्या शिट्ट्या होतात, भात मुरतो, वाढून होतं, गार होतं. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन गृहस्थांनी विद्यार्थिदशेत टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून पंचवीस मिनिटांचे तुकडे पाडले आणि पोमोडोरो पद्धत शोधून काढली. अण्णांना ती पूर्ण समजली आहे. पंचविसाव्या मिनिटाला ते थांबतात, पाणी पितात आणि पुन्हा बोलू लागतात.

फुकट पुस्तकाचं खरं मोल ‘अभिप्राय कळवा’ या दोन शब्दांत असतं. विकत घेतलेल्या पुस्तकाला मी काहीही देणं लागत नाही. ते न वाचता फडताळात ठेवलं तरी लेखक घरी येत नाही. फुकट पुस्तक घेतलं की आपण कामाला लागलो: वाचा, फोटो काढून पाठवा, चार जणांना सांगा, सत्काराला या, येताना शाल आणा. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे ती बायकोची बहीण आहे.

पार्किन्सन यांनी 1955 साली ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये आपला नियम मांडला, की हाताशी जितका वेळ असेल तितकं काम पसरतं. त्यांनी उदाहरण दिलं होतं एका रिकाम्या वृद्ध बाईंचं, ज्यांचा भाचीला एक पोस्टकार्ड लिहून टाकण्यात अख्खा दिवस जातो. बाईंबद्दल मला आदर आहे, पण ते पोस्टकार्ड भाचीला होतं. साडूला, तेही पुस्तक न वाचता, लिहायचं असतं तर दिवस पुरला नसता. मी एक अख्खा रविवार खर्ची घातला. ‘मननीय’ लिहून खोडलं, ‘संग्राह्य’ लिहून खोडलं. बायकोनं सुचवलेलं ‘छान’ फारच उघडं पडत होतं. शेवटी संध्याकाळी एक वाक्य जमलं: ‘हे पुस्तक हातात घेतलं आणि दिवस कसा गेला ते कळलंच नाही.’

अण्णांना ते इतकं आवडलं की त्यांनी दुसरी आवृत्ती काढली. म्हणजे दिवाणातल्याच प्रतींना नवं वेष्टन घातलं, त्यावर ‘वाचकांच्या आग्रहास्तव’ अशी गोल पट्टी आली आणि माझं वाक्य माझ्या नावासकट मलपृष्ठावर सर्वांत वर गेलं. पुस्तक वाचल्याचा उल्लेख त्यात नाही, हे अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. माझं आडनाव चुकलंय. तिसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू, असं अण्णा फोनवर म्हणाले, आणि मग म्हणाले, ‘आता बोलतोच आहोत, तर...’