पोह्यांचा सीमाप्रश्न

आमचं लग्न कांदेपोह्यांच्या बशीवर ठरलं. सासर नागपूरचं, मी रत्नागिरीकडचा. पण त्या दिवशी बशीत निमूट, पिवळे, खोबरं-कोथिंबिरीचे पोहे होते. तर्रीचा थेंबही नव्हता. एवढी मोठी माहिती सासरच्यांनी दडपून ठेवली होती, हे लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी कळलं. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतून बायको म्हणाली, "आता खा."

मी विचारलं, "हे पोहे आहेत की पूरग्रस्त?"

पुढच्या रविवारी मी दडपे पोहे केले. पातळ पोह्यांत ओलं खोबरं, नारळाचं पाणी, बारीक कांदा, मीठ, साखर, लिंबू कालवलं. वर खमंग फोडणी घातली आणि झाकणावर वरवंटा ठेवला. बायकोने वरवंटा उचलून आत डोकावलं. "छान. आणि शिजवणार कधी?"

मध्यस्थीला शेजारच्या इंदूरच्या वहिनी आल्या, त्या जिलबी घेऊनच. त्यांचे पोहे वाफेवर फुलतात. वर शेव, जिरावन आणि सोबत जिलबी. मी म्हटलं, "वहिनी, जिलबी लग्नाच्या पंगतीत वाढतात." त्या म्हणाल्या, "आमच्याकडे रोज सकाळी लग्न असतं."

गोव्याच्या मित्राला फोन लावला. नरकचतुर्दशीला कारीट फोडून झालं की त्याच्या घरी दुधातले, ताकातले, गुळाचे, नारळाच्या रोसातले असे फोव ओळीने मांडतात. त्याला आमच्या भांडणाची कीव आली. इकडे सोसायटीचा नेपाळी वॉचमन चिउरा, म्हणजे पोहेच, बटाट्याच्या भाजीबरोबर कोरडे चावत बसला होता. "अरे, भिजवले नाहीस?" "दात आहेत ना, साहेब!"

मग मी जगाचा नकाशाच काढला. जिथे भात पिकला, तिथे कुणीतरी साळ भाजून, गरम असतानाच कांडून चपटी केलेली दिसते. बिहारात संक्रांतीला दही-चुडा. व्हिएतनाममध्ये कोवळ्या भाताचे हिरवे 'कोम', कमळाच्या पानात बांधलेले. फिलिपिन्समध्ये 'पिनिपिग'. आणि कंबोडियात पाण्याच्या उत्सवात 'अंबोक', केळं आणि नारळपाण्याबरोबर. नारळपाणी! दडप्यांना परदेशातून पाठिंबा मिळाल्याचं मी घरात जाहीर केलं.

बायको शाळेत इतिहास शिकवते. ती शांतपणे म्हणाली, "मिरची, शेंगदाणे, बटाटा, तिन्ही अमेरिका खंडातले. १४९२ साली कोलंबस निघाला तेव्हा तुमच्या कोकणातल्या पोह्यांत यातलं काहीच नव्हतं. हिंगसुद्धा इराण-अफगाणिस्तानकडचा."

"मिरची नव्हती, तर तुमची तर्री कशाची होती?"

पोह्यांवरून घरात प्रथमच शांतता पसरली. मी बोटांवर हिशेब केला. मिरची वजा, दाणे वजा, बटाटा वजा, हिंग वजा. बाकी उरले सुदाम्याचे पोहे. फडक्यात बांधलेले, कोरडे. "बघ," मी म्हटलं, "द्वारकेच्या राजाने तेच मिटक्या मारत खाल्ले. वर काही ओत म्हणाला नाही."

"पण दुसरी मूठ घेताना रुक्मिणीने हात धरला ना?"

"धरला. मग?"

"रुक्मिणी कुठली?"

मी वाटी पुढे केली. विदर्भकन्येपुढे जिथे कृष्णाचा हात थांबला, तिथे माझा काय पाड?