सशाचे बाबा

कुत्रा आणावा तर सोसायटीत तक्रारी, मांजर आणावी तर आजी गावी निघून जायची धमकी देतात, आणि मासे आठवड्याभरात उलटे तरंगायला लागतात. मग मुलीच्या हट्टापायी हा गृहस्थ ससा घेऊन येतो. "गरीब प्राणी हो! आवाज नाही, खर्च नाही. पडून राहील कोपऱ्यात गाजर खात." यातलं आवाजाचं तेवढं खरं ठरतं, तेही रात्री दोनला कशाला तरी दचकून ससा मागचा पाय फरशीवर दाणकन आपटेपर्यंत.

मुलीचा उत्साह लवकरच ओसरतो आणि ससा बाबांच्या गळ्यात पडतो. तिथून पुढे हा माणूस लांबूनही ओळखू येतो. पायजम्याला गवताच्या काड्या, हातात चिकटपट्टी गुंडाळलेला चार्जर. कोणी कौतुकानं सशाला गाजर आणलं की याचा चेहरा पडतो. "अहो, गाजर म्हणजे त्याची जिलबी! तुम्ही रोज जिलबी खाल का?" आपण 'हो' म्हणायच्या आत स्वारी दातांवर आलेली असते. सशाचे दात जन्मभर वाढतच राहतात. ते झिजायला हवेत, पोटही चालू राहायला हवं, म्हणून दिवसभर गवत चघळायचं. पाला तोंडी लावण्यापुरता. या गवतासाठी तो परदेशी टिमोथीची पाकिटं मागवतो. किलोला बासमतीहून महाग. घरात कोलम शिजतो.

पाकीट संपलं की मोर्चा मंडईत. भाजीवाल्या मावशींकडून तो मुळ्याचा पाला तेवढा घेतो, मुळे त्यांनाच परत देतो. पुढे हारवाल्याकडे दूर्वांच्या चार जुड्या. "काका, तुमची रोज कसली संकष्टी?" असं हारवाल्यानं एकदा विचारलं, तेव्हा यानं खरं काय ते सांगून टाकलं. तरी सवयीनं तो पुडीत एक जास्वंद टाकतोच. तीही ससाच खातो.

पण याची खरी विद्वत्ता लेंडीत. सकाळी पेपर यायच्या आधी हा गॅलरीत उकिडवा बसून एक लेंडी बोटांत चुरडतो आणि उजेडाकडे धरून आतले गवताचे तंतू बघतो. गोल, कोरडी, एकसारखी निघाली की चहा गोड लागतो. आकार लहान झाला की ऑफिसला अर्धी रजा. त्याची भीती अगदीच खोटी नाही. सशाला उलटी करता येत नाही, आणि दहाबारा तास त्यानं तोंड मिटून घेतलं तर आतडी थंडावून जिवावर बेततं. म्हणून डॉक्टरही त्याला शोधून काढावा लागतो. गायी-म्हशीवाले आणि कुत्रेवाले बरेच, ससा हातात धरणारा एखादाच. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी "शेवटची लेंडी कधी?" म्हणताच यानं शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. वर वेळ लिहिलेली होती.

पाहुण्यांसमोरही विषय हाच. हातात पोह्यांच्या बश्या असताना ससा मान वळवतो आणि स्वतःच्या बुडाशी तोंड नेऊन काहीतरी मटकावतो. पाहुणे बघत राहतात. बाबा खुलतात. "ती मऊ लेंडी. थेट तिथूनच खातो. बी जीवनसत्त्व असतं त्यात. खाल्ली नाही तर काळजी!" पोहे तसेच राहतात, आणि वहिनी मुकाट्यानं बश्या आत नेतात.

एप्रिलमध्ये तर विचारूच नका. सशाला उकाडा सोसत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो, म्हणून बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या शेजारी. एसी सुरू. बारावीतल्या मुलानं आपल्या खोलीत एसी लावला की "आम्ही कंदिलावर शिकलो" हे ऐकवलं जातं. माणूस ठाण्याच्या फ्लॅटमध्ये जन्मला आहे.

मागच्या महिन्यात सख्ख्या भाच्याच्या लग्नासाठी त्याला कोल्हापूरला जावं लागलं. किल्ली माझ्याकडे आली, सोबत दोन पानी सूचना: कान धरून उचलू नये, आंघोळ घालू नये, कांदा-लसूण अजिबात नको. दुपारी फोन वाजला. मागे मंगलाष्टकं चालू होती, कोणीतरी "मामा, अंतरपाट धरा" म्हणून ओरडत होतं.

"लेंड्या पडल्या का?"

"पडल्या."

"केवढ्या?"

मी अंदाजानं वाटाण्याएवढ्या म्हटलं.

"ओला वाटाणा की सुका?"