मायक्रोमीटरवाले मालक

भोसरी, चाकण, अंबड; कुठल्याही एमआयडीसीत हे मालक गल्लीगणिक भेटतात. शाफ्टचा व्यास वीस मायक्रॉन जास्त भरला, तर ऑपरेटरची अख्खी दुपार खातील. हाच माणूस ऑफिसच्या सर्व्हरपुढे उभा राहिला की मोजमाप विसरतो. तिथे माप एकच: शेजारच्या प्लॉटवाल्याने केवढा घेतलाय?

जुना सर्व्हर अकाउंट्सच्या टेबलाखाली, बाईंच्या पायांशी. त्यावर विंडोज सर्व्हर 2008 आर 2. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला बंद केला, हे सांगितलं तर मालक म्हणतात, "आपण कधी त्यांना फोन केला होता?" दर खंडेनवमीला लेथबरोबर त्यालाही हळदकुंकू आणि झेंडूचा हार. पाकळ्या पुढच्या जाळीतून पंख्यात जातात, घरघर वाढते आणि मालक कौतुकाने ऐकत राहतात. बॅकअप? "आहे ना, डी ड्राइव्हवर." म्हणजे त्याच डब्यात.

मग एके दिवशी टॅली उघडेपर्यंत चहा निवतो आणि फर्मान सुटतं, "आता घ्यायचा तर एकदाच मोठा घ्या." पोराचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवावा, तसा सर्व्हर! विक्रेत्याला एवढंच हवं असतं. कोटेशन येतं: दोन प्रोसेसर, 32 कोर, 256 जीबी रॅम. कॉम्प्युटरवर बसणारी माणसं बारा.

"आधी मोजू या," मी म्हणालो. "विंडोजमध्येच परफॉर्मन्स मॉनिटर असतो. महिनाभर चालू ठेवा. जीएसटीची 11 आणि 20 तारीख त्यात येऊ दे."

"त्यात काय मोजायचं?"

"शाफ्ट न मोजता पाठवता का?"

हे बरोबर बसलं. महिन्याने आकडे आले. प्रोसेसर बहुतेक वेळ झोपलेला, रॅम काठोकाठ, आणि हार्ड डिस्कपुढे कामांची रांग. फिरणाऱ्या डिस्कला बारा जणांच्या बारीकसारीक मागण्यांसाठी सारखं इकडून तिकडे पळावं लागत होतं. दुखणं तिथे होतं. 32 कोर घेऊन ते गेलं नसतं.

तरी मालक अडले. मग लायसन्सचा हिशेब काढला. विंडोज सर्व्हर 2016 पासून लायसन्स कोरवर मोजतात, किमान 16 कोरचं. आठ कोर घेतले तरी पैसे सोळाचे, बत्तीस घेतले तर थेट दुप्पट. मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि आठ कोरवर आले. चौसष्ट जीबी रॅम, एकमेकांची प्रत ठेवणाऱ्या दोन एसएसडी, आणि रोजचा बॅकअप दुसऱ्या इमारतीत. (यातलं शेवटचं कलम मी दमदाटी करून घालून घेतलं.)

सर्व्हर आला. मालकांनी तो चहूबाजूंनी पाहिला. "एवढासाच?" टॅली झटक्यात उघडलं, बाई खूश झाल्या, पण मालकांचा चेहरा काही खुलेना.

पुढच्या आठवड्यात गेलो तर केबिनबाहेर माणसापेक्षा उंच, काचेच्या दाराचा रॅक. बेचाळीस यू! त्यात बरोबर डोळ्यांसमोर आमचा दोन यूचा सर्व्हर. वरच्या कप्प्यांत चलनांच्या फायली, एका कप्प्यात बाईंचा डबा, आणि तळाला जुना सर्व्हर, हारासकट.

"हा कशाला ठेवलाय?"

"असू दे हो," मालक किल्ली खिशात टाकत म्हणाले. "रॅक रिकामा दिसतो."